सुरंगीचा तंग

"खोगीर मागाहून बघा, काका. आधी ह्याला विचारा, घोडीला मारतो कशाला?"

श्रीपादबाब मला म्हणाले. समोर दिगू मान खाली घालून उभा. उजव्या हाताला पट्टी. आठवड्यापूर्वी सुरंगी त्याला चावली होती. आज त्याला घरी पाठवायचं, हे श्रीपादबाबांनी ठरवून टाकलं होतं.

पेडण्यात कोरगावच्या बाजूला त्यांचं छोटं रायडिंग स्कूल आहे. चार घोडे, एक शेड, माडांच्या मधे वाळू टाकलेलं रिंगण. दिगू त्यांचा सईस, म्हणजे घोड्यांचं सगळं बघणारा. मूळचा बांद्याचा. आणि मी सॅडलर. तीसेक वर्षं पुण्यातल्या एका वर्कशॉपमध्ये खोगिरं शिवली, रिटायर होऊन गावी आलो. निवांत बसेन म्हटलं होतं. कसलं निवांत!

सुरंगी म्हणजे गरीब घोडी. नवख्या पोरांना हिच्याच पाठीवर बसवायचे. पण पावसानंतर रायडिंगची शाळा पुन्हा सुरू झाली आणि तिचं काहीतरी बिनसलं. दिगू खोगीर घेऊन आला की कान मागे, दात बाहेर. दुसरं कुणी गूळ घेऊन गेलं तर काही नाही. दिगू नवीन, याच सीझनला लागलेला. मग काय, श्रीपादबाबांना जे वाटायचं ते वाटलं.

मी आदल्या पंधरवड्यातही येऊन गेलो होतो. तेव्हा तिच्या खांद्यांमागे दाबून बघितलं, तर तिने अंग चोरलं. खोगीर पुढून टेकतंय, खालची गादी दबून बसली असणार, असं मी छातीठोक सांगितलं. गादी उसवली, पुढच्या बाजूला आणखी लोकर भरली, हात झटकून घरी गेलो. त्यानंतर ती चावायला लागली. म्हणजे दिगूच्या हातावरच्या पट्टीत माझाही वाटा होता. हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं.

"मी तिका कधी मारूक नाय," दिगू म्हणाला. तेवढंच.

मार खाल्लेलं घोडं मी खूप बघितलंय. डोक्याजवळ हात उचलला की ते दचकतं. मी सुरंगीसमोर हात उचलला. ती माझा खिसा हुंगायला लागली. मग हात खाली नेला, कोपरामागे, पोटाच्या सुरुवातीला. अंगावरची कातडी नुसती थरथरली. तिथे केसही झडलेले होते. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

मी श्रीपादबाबांकडे अर्धा तास मागितला. मग काय करायचं ते करा म्हटलं. दिगूला सांगितलं, रोज घालतोस तसंच खोगीर घाल.

त्याने खोगीर अगदी जागेवर ठेवलं. मी त्याच्या पुढच्या कडेला घोडीच्या अंगावर खडूने रेघ मारली. मग त्याने तंग घेतला. तंग म्हणजे पोटाखालून जाणारा पट्टा. तो दोन्हीकडे खोगिराच्या पट्ट्यांना बकलने अडकवतात. खोगीर जे टिकतं ते त्याच्यावर. दिगूने पाय रोवला, खांदा घोडीला लावला आणि एका दमात असा खेचला की तिचा श्वासच अडकला. बकल शेवटच्या भोकात गेलं. नीट बघितलं तर पट्ट्यांची सगळ्यात वरची दोन भोकं कंपनीची नव्हतीच.

"ही कुणी पाडली?"

"मीच. खिळो तापवून."

असा राग आला म्हणता! पण विचारलं, का? तर हा आधी सुर्ल्याच्या खाणींवर होता, खनिजाच्या ट्रकवर ताडपत्री बांधायला. ट्रक थांबले, काम गेलं, तो इथे आला. तिथे एकच गोष्ट शिकलेला. दोरी तसूभर हलता कामा नये, हलली तर आणखी खेच. इथे खोगीर पुढे सरकायचं. पहिल्याच आठवड्यात एक लहान मुलगी घोडीच्या मानेवर गेली, पडता पडता वाचली. तेव्हापासून हा रोज जास्त जोर लावायचा.

"चेडू पडला असता तर?" त्याने मलाच विचारलं.

दहा मिनिटं घोडीला दुडक्या चालीने गोल फिरवलं. थांबवून बघितलं, तर खडूची रेघ खोगिराखाली गडप. खोगीर चार बोटं पुढे येऊन खांद्यांवर बसलेलं. एवढं आवळूनसुद्धा.

त्याचं असं आहे. घोड्याच्या कोपरामागे छाती जिथे निमुळती होते, तिथेच तंग जाऊन बसतो. तुम्ही कुठेही बांधा, कितीही आवळा, तो आपली जागा शोधतो. सुरंगीची ही जागा फार पुढे, आणि पावसाळाभर हिरवा चारा खाऊन पोट सुटलेलं, ते मागून ढकलणार. सरळ तंग पुढे गेला की पट्ट्यांना ओढतो, पट्ट्या खोगिराला ओढतात. जास्त आवळलं की जास्त ओढतो. वर माझी लोकर. दिगूने खालून आणि मी वरून, दोघांनी मिळून तिला चेपली होती.

"हा तंग कधीचा?" मी श्रीपादबाबांना विचारलं.

जुन्याला पावसात बुरशी आली, तो टाकून दिला. हा त्यांनी ऑनलाइन मागवला होता. जाड, मऊ, लांबी तंतोतंत तीच. मी त्यांना मोबाईलवर गेल्या वर्षीचे फोटो काढायला लावले. एका फोटोत सुरंगीवर कुणाचीतरी मुलगी हसत बसली होती. फोटो मोठा केला. जुना तंग सरळ नव्हताच. मधे पुढच्या बाजूला वळलेला, टोकं मागे. असा तंग आपल्या जागी पुढे बसतो आणि पट्ट्यांना मात्र मागे, सरळ राहू देतो. श्रीपादबाबांनी लांबी मोजली होती, वळण बघितलं नव्हतं. नवा तंग आणि नवा सईस एकाच आठवड्यात आले. श्रीपादबाबांना माणूस तेवढा दिसला.

त्यांनी मोबाईल खिशात टाकला. मग दिगूकडे वळून हळू म्हणाले, "राव तू, घरी जाऊ नको. माझंच चुकलं."

दिगूच्या जिवात जीव येईल असं मला वाटलं होतं. तो घोडीच्या झडलेल्या केसांकडे बघत होता.

"म्हणजे तिका त्रास दिलंय तो मीच."

मी त्याला समजावलं, तंग चुकीचा होता, लोकर माझी होती. त्याचं लक्ष नव्हतं.

चार दिवसांत मी वळणाचा तंग शिवून दिला, दोन्ही टोकांना सारखं इलॅस्टिक लावून. एकाच टोकाला असलं तर खोगीर एका बाजूला जातं. भरलेली लोकर निमूटपणे काढली. दिगूला शिकवलं, आधी सैल बांधायचं, एक चक्कर चालवायचं, मग एक भोक, पुन्हा चालवायचं, शेवटी तंगाखाली बोटं सपाट जायला हवीत. पुढच्या वेळी खडूची रेघ जागच्या जागी दिसली. आता कुणी खोगीर बघायला बोलावलं की मी आधी वाकून पोटाखाली बघतो, आणि तोंड नंतर उघडतो. हे शिकायला मला रिटायर व्हावं लागलं.

श्रीपादबाबांनी दिगूला एका मिनिटात निर्दोष ठरवलं. सुरंगीने दीड महिना घेतला. तेवढे दिवस तो रोज सकाळी रिकाम्या हाताने जाऊन तिच्याजवळ उभा राहायचा, ती तोंड फिरवायची, आणि तो म्हणायचा, "बरोबर आसा तिचा."