मिशरीची बोटं

कलाबाई शेवगावकडच्या एका गावात अंगणवाडीची मदतनीस. बावीस वर्षं घरोघरून पोरं गोळा करून आणायची, शेंबूड पुसायचा, खिचडी रांधायची. अन् पोटं भरली की पोरांनी तिच्याच लुगड्याला हात पुसायचे. त्याचा तिला कोण तोरा! यंदा जामखेडकडची वृषाली सेविका होऊन आली अन् चार महिन्यांत पोरं फितूर झाली.

कशानं, तर वासानं. वृषालीनं औषधाच्या रिकाम्या बाटल्या धुऊन वाळवल्या, कापूस घातला. एकीत ओवा, एकीत लवंग, एकीत सुंठ. ओळखू यावं म्हणून बुडाला रंगीत टिकल्या चिकटवल्या. पोरांचे डोळे रुमालानं बांधायचे, हुंगायला द्यायचं, नाव विचारायचं, बरोबर आलं की टाळ्या. अन् झाकणांना भोकं कुणी पाडली? कलाबाईनं, दाभण तापवून.

"बावीस वर्सं माज्या फोडनीचा वास घेत्यात ही. तवा न्हाई कुनी टाळ्या वाजीवल्या," ती फणकारली.

"मावशी, तुमच्यामुळंच तर नाकं तयार हायेत त्यांची," वृषाली हसली. ते हसणंच कलाबाईला झोंबलं.

त्यात पंकजा. पाच वर्षांची पोर, कलाबाईच्या मांडीवरून न हलणारी. आता दारातूनच विचारायची, "बाटल्यावाली बाई आली का?"

मुख्यसेविकाबाई पाहणीला येणार, त्या सकाळी कलाबाई सगळ्यांच्या आधी आली. उंबऱ्यात बसून दातांना मिशरी घासली, चूळ भरली, अन् तशीच उठून लवंगेचा कापूस ओव्याच्या बाटलीत घातला, ओव्याचा लवंगेच्या.

"आता वाजीव टाळ्या," ती बाटल्यांनाच म्हणाली.

पाहुण्या बाईंसमोर पंकजाचे डोळे बांधले. वृषालीनं बाटली नाकाशी धरली.

"ओवा!"

वृषालीनं बूड पाहिलं. लाल टिकली, म्हणजे लवंग. मुख्यसेविकाबाईंची भुवई वर गेली. तिकडं खिचडी ढवळणारा कलाबाईचा हात थांबला.

"नीट हुंग, बाळा."

"ओवाच हाय. आन कलाआजी बी हाय."

"आजी? बाटलीत?"

"व्हय. आजीची मिशरी."

वृषालीनं कापूस नाकाला लावला. मग कलाबाईच्या काळ्या बोटांकडं पाहिलं. अन् बाटली मुख्यसेविकाबाईंपुढं धरली. त्या हुंगून जाम खूश. "टिकली चुकली असेल, पोरीचं नाक नाही चुकलं! काय तयार केलंय हो तुम्ही!" अन् वहीत वृषालीचं नाव लिहून घेतलं.

म्हणजे मिशरी हिची अन् नाव तिचं. कलाबाईच्या अंगाची लाही लाही झाली.

बाई गेल्यावर वृषाली म्हणाली, "मावशी, एका बाटलीत मिशरीच ठेवू का? पोरं लगीच वळखत्यात."

"ठेव की. आता समदं तुजंच हाय."

दुसऱ्या दिवशी, तीस वर्षांत पहिल्यांदा, कलाबाईनं मिशरी लावली नाही. बोटं दोनदा साबणानं घासली, वास राहिला का म्हणून हुंगून पाहिली. सुधारली म्हणून नव्हे. सुंठीची बाटली अजून जागच्या जागी होती.