तलावाचे मालक आणि जपानचा पाहुणा

आमच्या गावचा तलाव एवढा मोठा आहे, की या पाळीवर, म्हणजे या बांधावर, पाऊस पडला तर पलीकडच्या पाळीवरच्या माणसाला ते दुसऱ्या दिवशी पेपरात वाचून कळतं. आणि त्याला मालक तर त्याहून जास्त. पाणी एका खात्याचं, मासे दुसऱ्याचे, पाळीवरची झाडं तिसऱ्याची. शिंगाडे कोणाचे, यावर दोन खाती इतकी वर्षं भांडताहेत की शिंगाडेच कंटाळून उगवायचे थांबले. बेडूक तेवढे बेवारस. ते रात्रभर ओरडून आपला मालक शोधत असतात. शेतकरी या सगळ्यात कुठे बसतो म्हणाल, तर तो लाभार्थी. लाभार्थ्यानं पाळीवर उभं राहून पाणी बघायचं आणि लाभ झाला असं समजून घरी जायचं.

दोन-तीन पावसाळ्यांमागे पोळा झाला आणि पावसानं दडी मारली. तलाव काठोकाठ भरलेला, खाली शेतं तडकलेली. माझी बांधी, म्हणजे भाताचं खाचर, पाटाच्या तोंडाशी. मी हलकं, लवकर पिकणारं धान लावलेलं, ते पिवळं पडायला आलेलं, मला पाण्याची गरज नव्हती. पण वहिनीची बांधी पाटाच्या अगदी शेपटाला, तिथे उशिरा पिकणारं भारी धान, आणि ते नेमकं गर्भात आलेलं. त्या वेळी पाणी नाही मिळालं तर लोंबी भरत नाही, दाण्याऐवजी नुसतं तणस हाती येतं. भाऊ नागपुरात नोकरीला, शेती सगळी वहिनीच्या अंगावर. आणि वहिनीची जीभ अशी, की तिनं ओरडून हाक मारली तर वैनगंगेच्या पलीकडचा माणूसही 'आलो' म्हणतो.

"भाऊजी, साऱ्या दुनियेच्या गोष्टी सांगता तुमी," ती म्हणाली. "माह्या बांधीत पाणी काहून नाही येऊन राहिलं, हे सांगा ना."

"वहिनी, गेट बंद आहे."

"थे मलेबी दिसते. खोलाचं कोनं?"

हे विचारायला मी एसटीनं तालुक्याला, लाखांदूरला गेलो. तिथले साहेब म्हणाले, आदेश भंडाऱ्याहून यायला पाहिजे. भंडाऱ्याचे साहेब म्हणाले, बैठकीशिवाय आदेश कसा निघेल? बैठक कधी? अध्यक्ष आले की. अध्यक्ष कोण? ते अजून नेमायचे आहेत. मी परत आलो तेव्हा माझ्या चपला झिजून मी अनवाणी झालो होतो, आणि गेटजवळचा चौकीदार गेटचं लोखंडी हँडल मांडीवर घेऊन तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसला होता. "मले सांगून का फायदा, भाऊ?" तो म्हणाला. "मी त निस्ता हँडल सांभाळतो."

अशात बातमी आली की जपानहून एक विद्वान येणार आहे. काही देश श्रीमंत कसे होतात आणि काही आपल्यासारखे कसे राहतात, याचा तो अभ्यास करतो म्हणे, आणि त्यासाठी त्याला आमचा तलाव बघायचा आहे. झालं! ज्या सरकारला हँडल फिरवता येत नव्हतं, त्यानं एका आठवड्यात रस्ता केला. पाळीवरची झुडपं कापली, चौकीदाराला गणवेश दिला, त्याचा खर्रा जप्त केला. पोळा होऊन गेला होता तरी बैलांची शिंगं पुन्हा रंगवून घेतली. एका म्हाताऱ्याचं म्हणणं, की त्याच्या मिशांनाही जाताजाता ब्रश लागला. गावाकडून बोलायला मला नेमलं, कारण सरकारला माझ्याइतक्या सफाईनं खोटं बोलणारा दुसरा मिळेना.

"फक्त चांगलं बोला," भंडाऱ्याच्या साहेबांनी दम दिला.

पाहुणा आला. बुटका, हसरा, पायात गमबूट. तो सरळ चिखलात उतरला, त्यामुळे सगळ्या साहेबांनाही पॉलिश केलेल्या बुटांनी चिखलात उतरावं लागलं. सोबत नागपूरची एक मुलगी दुभाषी होती. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, हे गेट कधी उघडायचं ते कोण ठरवतं?

"साहेब ठरवतात," मी म्हणालो.

"ते कुठे राहतात?"

"भंडाऱ्याला."

"तिथून त्यांना पीक दिसतं का?"

"आमच्या साहेबांची नजर फार लांबची आहे," मी म्हणालो. "फक्त जवळचं दिसत नाही."

मुलीनं हे जपानीत कसं सांगितलं कोण जाणे, पण पाहुणा कमरेत वाकून हसला. मग तो स्वतःचं सांगू लागला. त्याच्या आजोबांच्या काळी त्यांच्याकडेही जमीनदार होते, आणि घरात जेवायला रताळी. मग तिकडच्या सरकारनं जमीनदारी मोडली, जमीन कसणाऱ्याला दिली. पाटाचा कारभार गावकऱ्यांच्या मंडळाकडे. सरकार पैसा लावतं, सिमेंट लावतं, हिशोब तपासतं. पण पाणी कोणाला कधी, हे ज्यांची शेतं आहेत ते बसून ठरवतात.

मी मनात म्हटलं, बाबा, आमच्याकडेही मालगुजार त्याच सुमारास गेला. जमिनी आम्हालाही मिळाल्या. फक्त तलावाची किल्ली मालगुजाराच्या खिशातून निघाली ती थेट सरकारच्या खिशात पडली. तो खिसा फाटका असता तरी चाललं असतं, कधीतरी खाली पडून आम्हाला सापडली असती.

वहिनी मागे बायकांत उभी होती. तिनं माझ्याकडे असं बघितलं की माझी पाठ भाजली. मग मी पुढे झालो आणि भंडाऱ्याच्या साहेबांच्या कानाशी लागलो. "साहेब, पाहुणा नाराज आहे. त्यांच्यात भरल्या तलावापाशी नेऊन वाहतं पाणी न दाखवणं म्हणजे ताटावरून उठवण्यासारखं समजतात. तिकडे एका मंत्र्याला यापायी राजीनामा द्यावा लागला होता."

साहेबांनी दुभाषी मुलीकडे बघितलं. त्या गुणी पोरीनं चेहरा दुःखी करून मान हलवली. तिच्या आईवडिलांचं भलं होवो.

साहेबांनी फोन काढला. ज्या आदेशासाठी मी अनवाणी झालो होतो, तो चौकीदारानं लपवलेला खर्रा गालात सारेपर्यंत आला. बैठक नाही, अध्यक्ष नाही. हँडल फिरलं, पाणी उसळलं, पाहुण्यानं टाळ्या वाजवल्या, साहेबांनी त्याहून जोरात वाजवल्या, आणि गाड्या निघून गेल्या.

पाणी शेपटापर्यंत पोचलं. वहिनीची बांधी भरली. तिनं मला बोलावून वांग्याची भाजी आणि भात वाढला, आणि वाढताना एकदाही टोमणा मारला नाही, हे भंडारा जिल्ह्याच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं.

पण पाणी वाहतच राहिलं. वहिनीची बांधी ओलांडून नाल्यात, नाल्यातून पुढे. आणि पाटाच्या तोंडाशी माझं कापणीला आलेलं हलकं धान पाण्यात आडवं झालं. मी धावत चौकीदाराकडे गेलो.

"खोलाचा हुकूम आला होता, भाऊ," तो म्हणाला. "बंद कराचा नाही आला."

लाखांदूरला फोन केला. साहेब दौऱ्यावर. भंडाऱ्याला केला. तिथे म्हणाले, गेट उघडल्याची आमच्याकडे नोंदच नाही, मग बंद कसं करणार?

वहिनी पाळीवर आली. तिनं माझं लोळलेलं धान बघितलं, नाल्याला जाणारं पाणी बघितलं. "आता बंद गेट पाहाले चीनचा पाहुना बलवता का, भाऊजी?" असं म्हणून तिनं चौकीदाराच्या मांडीवरचं हँडल उचललं. आणखी दोघी पुढे आल्या. चौकीदार 'सरकारी आहे, सरकारी आहे' असं म्हणत तलावातले बगळे मोजू लागला. तिघींनी मिळून गेट बंद केलं. जोर फार लागला नाही. हँडल मात्र चौकीदाराकडे परत गेलं नाही, ते वहिनीबरोबर घरी गेलं.

साहेब नंतर एकदा ते मागायला आले होते. चहा पिऊन गेले. हँडल इथून हललं तर शेजारच्या गावातल्या, वहिनीपेक्षा भांडखोर बाया ते पळवतील असं मी त्यांना सांगितलं, तेव्हा इथेच बरं म्हणाले. आता पाणी सोडायचं असलं की वहिनीच्या ओसरीवर सगळे जमतात आणि असे भांडतात की छपराची कवेलू हलतात. गावाचा जपान अजून झालेला नाही. पण धान गर्भात आलं की पाणी येतं.

माझी एकच तक्रार आहे. वहिनीनं नियम केला आहे, की आधी शेपूट आणि तोंड सगळ्यात शेवटी. यंदा मीही भारी धान लावलंय. मी म्हटलं, "वहिनी, मी सख्खा दीर. गेट उघडवलं कोणी?"

"तुमीच उघडवलं, भाऊजी," ती म्हणाली. "बसा तिकडं, रांगेत."