ताप उतरल्यावर

आई, अक्का आणि मी, एवढंच आमचं घर. मी जयलक्ष्मीपुरममधल्या एका कॉलेजात शिकवते. माझी मोठी बहीण, अक्का, घरीच ब्लाउज शिवायची. पार बन्नूरहून बायका बसने तिच्याकडे यायच्या. भर दिवसा मशीनखाली डास चावायचे. एका पायाने दुसरा खाजवत ती शिवत राहायची.

पावसाळा सरता सरता तिला ताप भरला. डोळ्यांमागे ठणका, हाडं मोडून आलेली. रक्त तपासलं तर डेंग्यू. डॉक्टरांनी फक्त पॅरासिटामॉल दिलं, दुखण्यावर दुसरी कुठलीही गोळी घ्यायची नाही म्हणाले. भरपूर पाणी प्यायचं, रोज रक्त तपासायचं. आम्ही सगळं केलं. मग एका सकाळी तिचं अंग निवलं. आईने देवापुढे साखर ठेवली.

"आज रक्त द्यायला जायचंय ना?" मी विचारलं.

"साकु गं!" अक्का हसली. पुरे म्हणायचं झालं की आमच्या तोंडी कन्नडच येतं. "ताप गेला. आता सुया नकोत. बघ, हात काळानिळा झालाय."

घासभर सारभात खाऊन ती मशीनवर बसलीसुद्धा. किती बरं वाटलं होतं तो आवाज ऐकून!

दुपारी तिचं पोट दुखायला लागलं. उलट्या थांबेनात. संध्याकाळी तिची नुसती तळमळ चालली होती, हातपाय गार पडले होते. रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं टेकून ती म्हणाली, "पाणी दे गं." मी बाटली तोंडाला लावली. तिला गिळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी अक्का गेली.

हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टरीणबाई आईशेजारी बाकावर बसल्या आणि कन्नडमधून हळूहळू सांगू लागल्या. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच धोक्याची वेळ सुरू होते. रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपतं. पोटात दुखलं, उलट्या थांबल्या नाहीत, हिरड्यांतून रक्त आलं, हात गार पडले, तर क्षणभरही घरी थांबायचं नाही. आई मान हलवत ऐकत होती. मला वाटलं, तिच्या कानात काही शिरत नसेल.

दिवसकार्य झाल्यावर एका सकाळी आईने पाण्याचा ड्रम उपडा केला आणि काथ्याने आतून घासायला घेतला. कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, सगळं ओतून पुसलं. "हे डास स्वच्छ पाण्यातच होतात म्हणे," ती म्हणाली. त्यानंतर दर आठवड्याला ती गल्लीत दारोदार जाऊन हेच सांगू लागली. कुणी ऐकायचं, कुणी दार लावून घ्यायचं.

पलीकडच्या घरात येलवालहून आलेलं भाडेकरू जोडपं राहायचं. त्यांच्या मुलीचा डेंग्यूचा ताप उतरला म्हणून तिची आई आनंदाने सांगायला आली. "उलट्या होतात का?" आईने विचारलं. होत होत्या. आईने पायात चप्पलही न घालता त्यांना रिक्षात बसवलं आणि स्वतः बरोबर गेली.

मुलगी वाचली. तिची आई पेढे घेऊन आली आणि आईच्या पायांवर डोकं ठेवून रडली. आईने तिला उठवलं, जवळ घेतलं, सगळं नीट केलं.

ती गेल्यावर आई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली.

"आपल्याला कुणी सांगितलं असतं तर," ती म्हणाली, "तर तिलाही मी अशीच नेली असती गं."

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसून राहिले. पेढ्यांचा पुडा आम्ही दोघींनीही उघडला नाही.