पाटीमागची पांढरी भिंत

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. गावी गेलो की लोक हमखास विचारतात — लढाईत तू कुवेतलाच होतास ना, काय काय बघितलंस? मी पेटलेल्या तेलविहिरी सांगतो, अम्मानपर्यंतचे हाल सांगतो. भिंतीचं सांगत नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. पण आता सुरुवात केलीच आहे.

मी सुतार, देवगडकडचा. नव्वद साली कुवेतमधल्या अबू हलीफा गावात आम्ही गाववाले एका खोलीत राहायचो आणि मी समुद्राकाठच्या एका जुन्या घराची दारं दुरुस्त करत होतो. घर एका म्हाताऱ्या नाखवाचं. तरुणपणी तो सागवानासाठी गलबत घेऊन आपल्या किनाऱ्याला यायचा, म्हणून माझ्याशी मोडकं हिंदी बोलायचा. थोरल्या मुलाच्या नावावरून सगळे त्याला अबू यूसुफ म्हणत आणि त्याच्या बायकोला उम्म यूसुफ. दाराशेजारी सरकारने पितळी पाटी लावली होती — हे घर जुनं आहे, जपायचं आहे, अशी. म्हाताऱ्याला तिचा कोण अभिमान! मोतीबिंदूमुळे दिसत नव्हतं, तरी येता-जाता तिच्यावरून हात फिरवायचा.

ऑगस्टमध्ये इराकी फौज शिरली. लोकांनी रस्त्यांच्या पाट्या, घरांचे नंबर, सगळं उपटून टाकलं — सैनिकांना कुणाचं घर सापडू नये म्हणून. यूसुफ कुवेती सैन्यातला, घरातच लपलेला. अबू यूसुफ मला म्हणाला, पाटी काढ आणि मागची भिंत रंगव.

पाटी काढली. सगळी भिंत खाऱ्या वाऱ्याने पिवळी पडलेली आणि पाटीच्या जागी लख्ख पांढरा चौकोन, कोपऱ्यांत स्क्रूची भोकं. आंधळ्यालाही — नाही, हे असं म्हणायला नको. पाटी आत ठेवली, खोलीवर जाऊन चुना कालवला, भिंतीच्या रंगाला मिळावा म्हणून त्यात पिवळी माती घातली, बादली उचलली. तेवढ्यात खोलीतला सुरेश खिडकीतून ओरडला, "खंय जातस मराक? गल्लीत तेंची गाडी उभी आसा!"

खरंच होती. बादली खाली ठेवली. म्हटलं, उद्या करू.

दुसऱ्या दिवशी गाडी नव्हती. मग का नाही गेलो? भीती वाटली — एवढंच. भर गल्लीत हातात ब्रश घेऊन उभं राहायचं, कुणी विचारलं तर काय सांगायचं? मी मागच्या दाराने घरात शिरलो.

"यशवंत, दीवार हो गया?" म्हाताऱ्याने विचारलं.

"हो गया, बाबा. कुछ मालूम नहीं पड़ता."

त्याला दिसत नव्हतं. बायका बाहेर पडत नव्हत्या, मुलगा लपलेला. तपासणार कोण? हे सगळं मला बोलताना पक्कं ठाऊक होतं. त्याने माझा खांदा थोपटला.

रोज ठरवायचो, आज रंगवू. चुना सुकून बादलीला चिकटला, तरी मी ठरवतच होतो.

मग एका सकाळी मी त्या घरासमोरच्या इराणी रोटीवाल्याच्या रांगेत उभा होतो. एक अधिकारी दोन शिपाई घेऊन आला. हातात गावातल्या जुन्या घरांचा छापील नकाशा. त्याने रोटीवाल्याला विचारलं, नाखवाचं घर कुठलं? रोटीवाल्याने मान हलवली — माहीत नाही. पुन्हा विचारलं, दरडावून. पुन्हा तेच. रांगेतले बाकीचे मागे सरकले होते; मी एकटाच हाताच्या अंतरावर होतो, सगळं ऐकत होतो. अधिकारी समोरच्या भिंतीकडे वळला, चालत गेला, थांबला. पांढऱ्या चौकोनातल्या एका भोकात त्याने बोट घातलं.

यूसुफला घेऊन गेले. तो परत आला नाही. आम्ही गाववाले पुढच्याच आठवड्यात भारतात परतायला जॉर्डनमधल्या अम्मानच्या वाटेला लागलो.

एक्याण्णवच्या उन्हाळ्यात मी कामावर परतलो. अबू यूसुफ हिवाळ्यात वारला होता. उम्म यूसुफने पाटी पुन्हा लावायला मला बोलावलं. तेलाच्या धुराने सगळी भिंत सारखीच काळी झाली होती, चौकोनाचा मागमूस नव्हता. मला सुटल्यासारखं वाटलं — हो, वाटलं. ती शेजारणींना माझ्याकडे बोट दाखवून सांगत होती, याने जीव धोक्यात घालून आमचं घर लपवलं. आणि मग समोरच्या रोटीवाल्याकडे बोट दाखवून म्हणाली, पण त्याने सांगितलं. अधिकारी त्याच्याशी बोलताना लोकांनी पाहिलं होतं ना.

तो काही बोलला नव्हता. हे ऐकलेला तिथे मी एकटाच होतो. मी स्क्रू पिळत राहिलो.

गल्लीने त्याच्याकडून रोटी घेणं सोडलं. तो दुकानाच्या दारात उभा राहायचा, मला ओळखून मान हलवायचा. महिन्याभरात त्याने भट्टी विझवली आणि कुठे गेला, कळलं नाही. त्या महिन्यात मीसुद्धा लांबच्या दुकानातून रोटी आणत होतो.