माइकची वायर निघालेली होती

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे कोलंबी सोलणं. दिवाळे गावात, आमच्याच ओट्यावर, दुपारी. हिरा, माझी बायको, म्हणाली, "तुमी पाठीतला काळा धागा ठेवता. गिऱ्हाईक माज्या नावानं बोंबलतं." मी म्हटलं, "मग तूच सोल." ती हसली, आणि हसता हसता खोकली... त्यानंतर दोघांनी जे केलं ते सगळं दवाखान्याचं.

मी कोळी माणूस, चौथी शिकलेला. मी सांगतोय, नात टाईप करतेय. भूतबीत मी मानत नाही. पन्नास वर्षं खाडीत होडी घातली, अवसेलाही घातली, मला कधी कोणी दिसलं नाही. ज्यांना दिसायचं ते प्यायलेले असायचे. म्हणून हे सांगायची लाज वाटते. पण पोटात ठेवून झोप येत नाही.

हिराच्या फुप्फुसात अगदी खालच्या बाजूला डाग निघाला. नेरूळच्या एका सेंटरमध्ये स्कॅन केला. तो पुसट आला. का, ते ऐका. तिला वाटलं, फोटो काढतायत. आमच्या लग्नात फोटोवाल्यानं सांगितलेलं, श्वास धरून बसा... ते तिनं जन्मभर पाळलं. मशीनमध्येही तिनं श्वास धरला, सुटला की भसकन घेतला, परत धरला. श्वासाबरोबर डाग हलला आणि चित्रात फासला गेला. डॉक्टर म्हणाले, "डाग फुप्फुसातच आहे की खाली यकृतातही उतरलाय, ते कळत नाही. फुप्फुसातच असेल तर किरणं देऊन जाळता येईल. नाहीतर..."

दुसऱ्या स्कॅनला पोटावर पट्टा बांधणार होते. पट्टा श्वास मोजतो, मशीन त्याच्याशी चित्र जुळवतं. पण श्वास एकसारखा पाहिजे. मशीन चालवणारी प्राची नावाची पोरगी म्हणाली, "आजोबा, आजींकडून घरी सराव करून घ्या."

आठ दिवस करून घेतला. ती खाटेवर आडवी, माझा हात तिच्या पोटावर. उलट्या पाण्यात वल्हं मारायचा ठेका असतो ना — घाई नाही, थांबणं नाही — तोच धरला. "घे... सोड. घे... सोड."

"मी काय होडी हाय?"

"होडी बरी. ती बोलत नाय."

मी नसलो की तिचा ठेका सुटायचा. म्हणून स्कॅनच्या दिवशी प्राचीनं मला काचेच्या अलीकडे स्वतःशेजारी बसवलं, माइक पुढे केला. "बोला आजोबा, आत ऐकू जाईल." पडद्यावर हिराच्या श्वासाची रेघ, वेडीवाकडी. मी "घे" म्हटलं, रेघ वर. "सोड" म्हटलं, खाली. माझ्या तोंडाबरोबर... वीस मिनिटं. मध्येच माझं डोकं फिरलं. काचेतून तिचे नुसते तळपाय दिसत होते. तोंडातून निघून गेलं, "हिरे, मला एकट्याला टाकून जाऊ नको गं." रेघ थरथरली आणि आडवी झाली.

प्राची ओरडली, "आजोबा, मोजा!"

मी मोजायला लागलो. रेघ उठली.

रिक्षात हिरा म्हणाली, "लाज नाय वाटली त्या पोरीसमोर रडायला? मोजायचं सोडून 'टाकून जाऊ नको' म्हने. मी काय पळून चालले होते?"

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. चित्र एकदम स्वच्छ. यकृतातही डाग. डॉक्टरांनी किरणांचं नाव काढलं नाही.

सेंटरवरून निघताना प्राचीनं मला बाजूला घेतलं. "आजोबा, सॉरी हां... त्या दिवशी तुमच्या माइकची वायर मागून निघालेली होती. पुढच्या पेशंटला माझं काही ऐकू जाईना, तेव्हा बघितलं."

"मग हिरानं कसं ऐकलं?"

"आजी मनातल्या मनात मोजत असतील."

"आणि मी रडलो तेव्हा रेघ थांबली, ती?"

तिनं पुढच्या पेशंटचा कागद उचलला. त्या दिवशी आमच्या दोघांच्या मध्ये शिसं घातलेलं दार होतं, जाड काच होती. हिराला मी हे सांगितलं नाही. वाटलं, सांगितलं तर ते ऐकू जाणं बंद पडेल.

पुढे दीड महिना. शेवटच्या दिवशी सकाळपासून तिला दम लागला. घरीच होती, ऑक्सिजन लावून. मी पोटावर हात ठेवला, मोजायला लागलो. श्वास लगेच ठेक्यात आला. सून म्हणाली, "आबा, दोन घोट चहा तरी घ्या." मी तिला "ठेव तिथं" म्हटलं, तेवढ्यात हिराची छाती थांबली... पुन्हा "घे" म्हटल्यावर हलली. मग मी तोंड दुसऱ्या कशाला उघडलंच नाही. चहा तसाच गार झाला.

दुपारी तीनच्या सुमाराला तिनं डोळे उघडले. "पुरे आता. घसा बसला तुमचा."

"गप. घे... सोड."

तिनं माझा हात उचलून बाजूला ठेवला. "पुरे म्हनते ना."

मी थांबलो.

तिनं श्वास सोडला. घेतला नाही.

तिला माझ्या घशाची काळजी होती, की तिला सगळं माहीत होतं? डॉक्टर म्हणाले, वेळ आलेली. असेल. मी थांबलो नसतो तर किती वेळ चाललं असतं, हे मला कोणी सांगू शकलेलं नाही. तुमच्यात कोणी जाणकार असेल तर सांगा. मला धीर नको, उत्तर पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चपला घातल्या. बहीण ओरडली, "सुतक हाय घरात, कुठं चाललास?" मी सरळ सेंटरवर गेलो. पेशंट यायचे होते, मशीन बंद होतं. प्राचीला म्हटलं, "हिरा काल गेली. माइकची वायर काढ. मी आत झोपतो. तू इथनं मोज, मी मोजत होतो तसं."

ती नको नको म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि दार उघडलं.

मी मशीनच्या गार फळीवर पडलो. दार लागलं. मान वळवली तर काचेपलीकडे तिचे ओठ हलत होते. कानात एसीची घरघर... दुसरं काही नाही.

थोड्या वेळानं तिनं दार उघडलं. "आजोबा, ऐकू आलं का?"

"नाय," मी म्हटलं. "दार लाव. परत मोज."