ताटावरचा आडवा हात

आमच्या घरी जेवताना ‘नको’ या शब्दाला काडीची किंमत नाही. पहिलं ‘नको’ संकोचाचं, दुसरं रीत म्हणून. खरंच नको असेल तर ताटावर हात आडवा धरायचा; तोवर वाढणारा वाढत राहतो. शिवाय पानात टाकायचं नाही. या दोन नियमांच्या जोरावर मी असा काही सुटलो, की धायरीतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत शेजाऱ्यांच्या दारांवरच्या पाट्या वाचायच्या निमित्ताने थांबावं लागे. साखर वाढली, गुडघे बोलू लागले, आणि शेवटी मी जठर लहान करायचं ऑपरेशन करून घेतलं.

आईला तो तिच्या स्वयंपाकावरचा अविश्वासाचा ठराव वाटला. “माझ्या हातचं नको होतं तर तोंडाने सांगायचंस. त्यासाठी पोट कशाला कापायचं?” हे ती हॉस्पिटलात, नर्ससमोर म्हणाली. नर्स हसली. आई हसली नाही.

सुरुवातीला नुसतं वरणाचं पाणी आणि पातळ ताक, तेही घोट घोट. आई सगळं चोख करायची, पण मांजरीच्या पिल्लाला दूध पाजावं तशा चेहऱ्याने. मग एकदाची मऊ भाताला परवानगी मिळाली. चार चमचे, सावकाश, आणि पोट भरल्यासारखं वाटलं की थांबायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

आईने गुरगुट्या भात केला, वर वरण, तुपाचा थेंब. इतक्या दिवसांनी तोंडाला चव आली आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. “वा,” म्हणालो. तेवढं पुरलं. मी फोन घ्यायला वळलो आणि आईने आणखी एक डाव वाढला. मी ‘नको’ म्हणालो, पण हात मोबाइलवर होता. आणि वाढलेलं टाकायचं कसं? खाल्लं. छातीत धोंडा अडकल्यासारखं दुखायला लागलं आणि मी बेसिन गाठलं. लहानपणी धरायची तसं आईने माझं कपाळ धरलं.

“मीच मारत होते रे तुला,” ती म्हणाली.

त्या दिवसापासून तिने मला वाढणं सोडलं. माझी वाटी बायको ठेवायची आणि आई तेवढ्यात बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालायला निघून जायची. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. सुंठीवाचून खोकला गेला, म्हटलं.

मी उतरत होतो, रिपोर्ट सुधारत होते, विजारी आवळून घेत होतो. एके दिवशी बायको म्हणाली, “अहो, वाटीतून डोकं वर काढा जरा. आईंच्या पाटल्या बघितल्यात का? कोपरापर्यंत सरकतायत. अर्धी पोळी खाऊन उठतात त्या.”

बघितलं आणि माझं टाळकंच सरकलं. “हा कसला नवा उपास?” मी आईला विचारलं.

“तू चिमणीसारखं टिपणार आणि मी समोर पोळ्या हाणू? घास उतरत नाही मला.”

मी रिपोर्ट दाखवले, आवाज चढवला. ती मान डोलवत राहिली आणि रात्री पुन्हा अर्धीच पोळी खाल्ली. मग मात्र माझा राग गेला आणि भीती वाटली. मी बारीक होणं हे औषध होतं. ऐंशीकडे झुकलेली माझी आई बारीक होत होती, ती माझ्यापायी सुकत होती.

रविवारी सकाळी मी तिला टेबलापाशी बसवलं आणि भाजणीचा डबा काढला. आयुष्यात कधी थालीपीठ लावलं नव्हतं. आईने जन्मभर सगळ्यांना तव्यावरचं गरम वाढलं आणि स्वतः शेवटी, गार झालेलं खाल्लं. ती खुर्चीतूनच फर्मानं सोडत होती. “पाणी बेताने. बोटं ओली कर. भोक पाड मधे, तेल कुठे सोडशील?”

पहिलं थालीपीठ तिच्या ताटात पडलं. तिने ते फिरवून बघितलं.

“हे काय?”

“भोर तालुक्याचा नकाशा. खा.”

वर लोण्याचा गोळा ठेवला. मी माझा तळहाताएवढा तुकडा घेऊन बसलो आणि चावत राहिलो. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

“माझ्याकडे बघू नकोस,” मी म्हणालो. “पोट माझं कापलंय, तुझं नाही. मला खाता येत नाही, पण खाऊ घालता येतं. तेवढं तरी करू दे गं.”

तिने एक तुकडा मोडला, लोण्यात बुडवला. मग दुसरा. थालीपीठ संपलं. मी दुसरं उलथन्यावर घेऊन तिच्याजवळ उभा राहिलो.

“नको रे.”

“आई.”

“नको म्हटलं ना.”

मी तिच्या ताटाकडे बघत थांबलो. तिचा उजवा हात वर आला, पाटल्या खाली घरंगळल्या, आणि त्या हाताने तिने ताटातलं उरलेलं लोणी कडेला सारून थालीपिठाला जागा केली.