गरम पाण्यातलं रक्त आणि सोनकांबळे मॅडमचा राग

डॉ. सुलोचना सोनकांबळे यांची आणि माझी पहिली भेट लातूरच्या एका बर्फाच्या कारखान्याच्या दारात झाली. जिल्हा नुकताच झाला होता. मी उदगीरचा, नव्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून रुजू व्हायला आलो, तर प्रयोगशाळेला कुलूप. शिपाई म्हणाला, "मॅडम बर्फासाठी भांडायला गेल्यात. तुमी बी तिकडंच जावा." तिकडे गेलो. दुष्काळामुळे कारखान्याचं पाणी तोडलेलं होतं. शिल्लक राहिलेल्या लाद्या मालकाने कुणाच्या तरी लग्नासाठी राखून ठेवल्या होत्या, आणि मॅडम त्याला विचारत होत्या, "वऱ्हाडाच्या सरबताला बर्फ हाय, अन् आजारी माणसाच्या रक्ताला न्हाई?" मी नमस्कार केला. त्यांनी माझ्या हातात थर्मास दिला. "बिरादार ना तुम्ही? धरा." माझं रुजू होणं एवढंच झालं.

मॅडमच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथाच्या समितीने मला त्यांच्या "शांत आणि सोशिक स्वभावावर" लिहायला सुचवलं आहे. समितीतल्या मान्यवरांचा पूर्ण आदर राखून सांगतो, की ही सूचना चुकून दुसऱ्याच कुणाच्या ग्रंथातून इथे आली असावी. मॅडम शांत कधीच नव्हत्या. सोशिक तर मुळीच नव्हत्या. बहात्तरच्या दुष्काळात त्यांच्या आईंनी कामावर खडी फोडली आणि लेकीला डॉक्टर केलं, हेही मी सविस्तर लिहावं अशी अपेक्षा आहे. लिहिणार नाही. मॅडमनी मला बजावलं आहे: "माझ्या आईच्या घामावर कुणी रुमालाने डोळे पुसायचे न्हाईत. कामाचं लिहा." म्हणून कामाचं लिहितो.

मॅडमचं काम रक्तातल्या कॉम्प्लिमेंटवर. मराठी पुस्तकांत त्याला पूरक प्रणाली म्हणतात. आपल्या रक्तात काही प्रथिनं जन्मापासून तयार असतात. बहुतेक यकृतात बनतात आणि निजल्यासारखी फिरत राहतात. जंतू आत शिरला, की त्याची आधीची ओळख नसली तरी चालतं. प्रतिपिंडांनी खूण केली तरी ही प्रथिनं जागी होतात, जंतूच्या पाठीवरची साखर ओळखूनही होतात, आणि काही तर आपोआपच थोडी थोडी जागी होत असतात. जागं झालेलं पहिलं प्रथिन दुसऱ्याला तोडून जागं करतं, दुसरं तिसऱ्याला. काही तुकडे जंतूला चिकटतात, म्हणजे पांढऱ्या पेशींना तो गिळणं सोपं जातं. काही तुकडे त्या पेशींना हाका मारून बोलावतात. आणि शेवटची प्रथिनं एकत्र येऊन जंतूच्या अंगाला सरळ भोक पाडतात. आत पाणी शिरतं, जंतू फुटतो. आपल्या स्वतःच्या पेशींवर हा मारा होऊ नये म्हणून आवरणारी प्रथिनंही असतात. मॅडम शिकवताना चिडून म्हणत, "हे सगळं करतंय त्याला नाव काय दिलं, तर पूरक! आधी प्रतिपिंडं सापडली, म्हणून ती मुख्य अन् हे मदतनीस. वास्तविक उत्क्रांतीत हे कितीतरी जुनं." निवृत्तीपर्यंत स्वतः मॅडमना विभागाने प्रभारीच ठेवलं, हे इथे नोंदवून पुढे जातो.

नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांची बांधकामं तेव्हा जोरात होती. हदगावकडचं एक बौद्ध कुटुंब पाणी आटलं म्हणून गाव सोडून त्या कामांवर आलं होतं. त्यांची मुलगी संगीता मेंदूज्वराने आमच्याकडे दाखल झाली. ती बरी झाली, आणि वर्ष उलटायच्या आत पुन्हा त्याच तापाने आली. आमच्या एका वरिष्ठांनी तिच्या आईला, सरूबाईंना, वॉर्डात सगळ्यांसमोर सुनावलं, की तुम्ही लोक घाणीत राहता, मग असंच व्हायचं. सरूबाई मॅडमकडे येऊन म्हणाल्या, "बाई, सरपण न्हाई तरी पाणी उकळून पाजून राहिले मी. आनखी काय करू? थोरलं लेकरू बी असंच गेलं."

मॅडमनी त्यांना बसवून घेतलं आणि विचारलं, "नवरा नात्यातला हाय का?"

"हाव. सख्ख्या मामाचा पोरगा."

दोन्ही वेळी पाठीच्या पाण्यात एकच जंतू सापडला होता, मेनिंगोकॉकस. या जंतूला मारायला ते शेवटचं भोक पाडणंच लागतं. ते न जमणारी माणसं बाकी आजारांत ठीक असतात, पण या एका जंतूपुढे उघडी पडतात. दोष आईबाप दोघांकडून आला तरच लेकरात उतरतो, म्हणून नात्यातल्या लग्नांत जास्त दिसतो. मॅडमना संशय आला. तपासणी तशी सोपी: मेंढीच्या लाल पेशी प्रतिपिंडांनी माखायच्या आणि त्यात माणसाच्या रक्ताची ताजी निवळ, म्हणजे सीरम, घालायची. कॉम्प्लिमेंट शाबूत असेल तर पेशी फुटतात आणि नळी लालभडक, पारदर्शक होते. नसेल तर पेशी तळाशी बसतात. पण आमच्या जिल्ह्याला नळाआधी नावाची पाटी मिळाली होती. माखलेल्या पेशी कुठून असणार? मॅडमनी संगीताची निवळ बाहेरगावच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत बर्फातून पाठवली आणि तुलनेसाठी स्वतःचीही सोबत दिली.

उत्तर आलं: दोघींच्याही रक्तात कॉम्प्लिमेंट नाही. तिथले प्रमुख फोनवर हसत म्हणाले, "मॅडम, तुमच्या लातूरला सगळ्यांनाच हा आजार आहे की काय?"

मी शेजारीच उभा होतो. मॅडमचा चेहरा लाल झाला. "साहेब, तुमच्या माणसाने निवळ गरम पाण्यात ठेवली होती का?" पलीकडून अभिमानाने उत्तर आलं, की अर्थातच, आमच्याकडे प्रत्येक निवळ आधी छप्पन्न अंशांवर अर्धा तास ठेवतात, तशी शिस्तच आहे. ही शिस्त गरमीच्या, म्हणजे सिफिलिसच्या, तपासणीसाठी होती. तिथे कॉम्प्लिमेंट मध्ये येऊ नये म्हणून ते मुद्दाम मारतात. आणि जे मोजायचं तेच या शहाण्यांनी आधी मारलं, मग नाही म्हणून कळवलं! बर्फासाठी आम्ही कुणाकुणाच्या पाया पडलो होतो ते आठवून आजही माझं डोकं फिरतं. मॅडमनी फेरतपासणी मागितली. असल्या चैनीच्या तपासण्या जिल्ह्याच्या ठिकाणी करायच्या नसतात, असं सांगून त्या साहेबांनी फोन ठेवला.

मॅडमनी त्याच दिवसापासून, संशयावरच, पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू करायला सांगितली. आमचे वरिष्ठ म्हणाले, अहवालाशिवाय औषध नाही. अहवाल पुन्हा कोणी करून देईना. आणि संगीताला तिसऱ्यांदा ताप आला. ती वाचली, पण तिचे दोन्ही कान गेले. शुद्धीवर आली तेव्हा आई हाका मारत होती आणि पोर दुसरीकडेच बघत होती.

त्यानंतर मॅडमनी रजा टाकली. थर्मास मांडीवर घेऊन आम्ही दोघं एसटीने त्या मोठ्या प्रयोगशाळेत गेलो. परवानगी कुणाकडेच मागितली नाही. मॅडम गरम पाण्याच्या भांड्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "याच्याजवळ कुणी आलं तर हेच पाणी अंगावर ओतीन." कुणी आलं नाही. मॅडमची नळी लाल, स्वच्छ झाली. संगीताच्या नळीत पेशी तशाच तळाशी बसल्या. मग त्यांनी संगीताच्या निवळीत स्वतःची अगदी थोडी निवळ मिसळली, एकटीने काहीच करू शकली नसती इतकी थोडी, आणि तीही नळी लाल झाली. म्हणजे मुलीच्या रक्तात एक कडी कमी होती, बाकी सगळं ठीक होतं. ना घाण, ना आईचा हलगर्जीपणा. लातूरला परतल्यावर मॅडमनी त्या वरिष्ठांना वॉर्डात बोलावलं आणि सगळ्यांसमोर सरूबाईंची माफी मागायला लावली. त्यांनी ती पुटपुटत मागितली. इंजेक्शनं त्याच दिवशी सुरू झाली, लस पुढे बऱ्याच वर्षांनी मिळाली. संगीताला चौथा ताप कधीच आला नाही.

आता समितीची मंडळी सोशिकपणाचा लेख मागतात. सोसलं ते संगीताने. मॅडमनी भांडण केलं, आणि ते पुरेसं लवकर कुणी ऐकलं नाही.

संगीता आज हदगावला शिवणकाम करते, तिची दोन मुलं शिकतात. सत्काराला ती येणार आहे. भाषणं तिला ऐकू येणार नाहीत. त्यात तिचं काही नुकसान नाही. गेल्या महिन्यात तिथल्या आरोग्य केंद्रातल्या नव्या डॉक्टरांनी तिची इंजेक्शनं बंद केली. म्हणाले, इतकी वर्षं काही झालं नाही, मग कशाला? मुलाने मॅडमना फोन केला. निवृत्तीनंतर नांदेडला राहणाऱ्या पंचाहत्तरीच्या मॅडम तिथून एसटीने हदगावला गेल्या, काठी टेकत आत शिरल्या आणि त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "काही झालं न्हाई, ते इंजेक्शनामुळंच न्हाई झालं, बाबा!" ती कमी असलेली कडी जन्मभर कमीच राहणार, हे त्यांना समजावूनच त्या बाहेर पडल्या.

मॅडम, संगीता आपल्याहून पंचवीसेक वर्षांनी लहान आहे. तिच्यासाठी असं भांडणारं दुसरं माणूस आम्ही अजून तयार केलेलं नाही, याची आम्हा सगळ्यांना लाज वाटली पाहिजे. तोवर आपली प्रकृती ठणठणीत राहो आणि आवाज असाच चढा राहो. आपल्याला खूप मोठं आयुष्य मिळो. निदान संगीता जगेल तोवर पुरेल इतकं.